बर्ड फ्लू, एक किलोमीटर आणि आमच्या कोंबड्या

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्याची बातमी आली, तेव्हापासून आमच्या शेडमध्ये बाहेरचं माणूस आत सोडत नव्हतो. दारात पोटॅशच्या पाण्याचं टब होतं, खाद्याची गाडी फाटकाबाहेर रिकामी व्हायची. सासरे रोज २००६ च्या नवापूरची आठवण काढायचे. देशात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथे.

मग आमच्याच गावात एका घरच्या गावरान कोंबड्या मेल्या. नमुने पुण्याला आणि तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. अहवाल पॉझिटिव्ह आला आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला: एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. आमच्या कोंबड्या ठणठणीत होत्या, अंडी नेहमीइतकीच निघत होती.

मी आधी अंतरावरून हरकत घेतली. त्या घरापासून आमच्या शेडपर्यंत ओढ्याला वळसा घालून रस्त्याने दीड किलोमीटर भरतं. पण मोजतात ते नकाशावर सरळ रेषेत, आणि त्या रेषेत आम्ही आत होतो. मग अर्ज दिला की आमच्या पक्ष्यांचे नमुने घ्या, निगेटिव्ह आले तर सोडा. पशुवैद्यकीय डॉक्टर शांतपणे बोलले, "ताई, लक्षणं दिसायच्या आधीच पक्षी विषाणू बाहेर टाकतो. अहवालाची वाट बघेपर्यंत तो पुढच्या शेडमध्ये गेलेला असेल." त्यांचं म्हणणं मला कळलं. तरीही बंदिस्त शेड आणि अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या यांना एकच माप लावणं मला आजही पटत नाही. आदेशात मात्र तशी सवलत नव्हती.

कोंबड्या वाचत नाहीत हे दिसल्यावर मी कागदाकडे वळले. या कामात एक गोष्ट जीव जाळते. भरपाई फक्त सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, त्याआधी रोगाने मेलेल्यांची नाही. म्हणजे ज्याच्या शेडमधले पक्षी रोगाने आधी मेले त्याच्या हाती सगळ्यात कमी. असा नियम असल्यावर मर लपवायची पाळी माणसावर येणारच. तेव्हाचे दर असे: आठ आठवड्यांवरच्या लेयरला, म्हणजे अंड्यासाठी पाळलेल्या कोंबडीला, ९० रुपये, त्याखालच्या पिलाला २०, अंड्याला ३, खाद्याला किलोमागे १२. अंड्यावर आलेली कोंबडी तयार करायला ९० च्या दुपटीहून जास्त खर्च येतो.

म्हणून कोंबड्या जिवंत असतानाच पिंजऱ्यांच्या ओळीप्रमाणे मोजायला लावल्या. तलाठी आणि गावातले दोन पंच उभे केले. अंड्यांचे ट्रे मोजले, खाद्याची पोती वजन करून घेतली, प्रत्येक ओळीचे फोटो काढले. पक्षी मारायचं सरकारी दल पीपीई किट घालून आलं, शेडमागे खड्डा खणला, माना मुरगळून पक्षी पुरले, वर चुना टाकला. सासूबाई तिकडे फिरकल्याच नाहीत. त्या दिवसाबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही.

पंचनाम्याची प्रत हातात आली तेव्हा खरं भांडण उभं राहिलं. दुसऱ्या शेडमधल्या १२०० पुलेट, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, 'पिले' या रकान्यात होत्या, म्हणजे नगाला २० रुपये. त्यांना नववा आठवडा लागला होता. फरक ८४ हजारांचा. "अंगाने लहान दिसल्या," एवढंच उत्तर मिळालं. मी सहीसोबत 'वयाबाबत हरकत' असं लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज दिला. सोबत पिलं पुरवणाऱ्या हॅचरीचं चलन, त्यावर पिलं उतरवल्याची तारीख, आणि लासोटा, गंबोरोच्या लसींच्या नोंदी असलेली वही. पोच घेतली. काही हललं नाही तेव्हा वय कशावरून ठरवलं याचा कागद माहितीच्या अधिकारात मागितला. तो कागद नव्हताच. त्यानंतर वरच्या कार्यालयात सुनावणी झाली, चलनाची तारीख मान्य झाली आणि रकाना बदलला.

भरपाई खात्यावर यायला बराच काळ गेला आणि तोवर शेड रिकामं. निर्जंतुकीकरण, पुन्हा नमुने, मग दाखला, आणि त्यानंतरच नवी बॅच टाकायची परवानगी. त्या काळातल्या बँकेच्या हप्त्याचा विचार भरपाईत कुठेच नाही. मेलेल्या पक्ष्यांचीही भरपाई द्या आणि लेयरचा दर वयाच्या टप्प्यांप्रमाणे ठरवा, असं निवेदन आम्ही तालुक्यातल्या पोल्ट्रीवाल्यांनी मिळून दिलं आहे. त्याचा पाठपुरावा मी करते आहे. ज्यांच्या गावात आदेश निघाला असेल त्यांनी पिलांचं चलन, लसीची वही आणि रोजच्या मरीची नोंद आजच शेडमधून घरी आणून ठेवावी. शेड एकदा सील झालं की आतला कागद हाती लागत नाही.