गोव्याचा आकडा

फुटबॉलपटूच्या बाहीची किंमत काढायची तर सामना आवाज बंद करून बघावा लागतो. कॉमेंट्री चालू असली की नजर चेंडूमागे धावते, आणि आम्हाला चेंडूशी काही देणंघेणं नसतं. बाहीवरचा प्रायोजकाचा लोगो पडद्यावर कधी आला, वाचता येण्याइतका मोठा होता का, किती सेकंद टिकला, घडीत गेला का, एवढंच टिपायचं.

मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच बाजूला असतो. संघ पडद्यावर डावीकडून उजवीकडे चढाई करत असेल तर खेळाडूची उजवी कूस कॅमेऱ्याकडे येते, मध्यंतरानंतर डावी. म्हणजे उजवी बाही विकत घेणाऱ्याला एक हाफ बरा, दुसरा कोरडा. त्यातही लांबच्या शॉटमध्ये बाहीवरचं काही म्हणता काही वाचता येत नाही. बाही कमावते ती थ्रो-इनला, कॉर्नर घेणारा हात वर करतो तेव्हा, पंचाशी हुज्जत घालताना, आणि बदली खेळाडू आत येताना बाहेर जाणारा मुद्दाम रेंगाळतो तेव्हा. रेंगाळतो कोण? पुढे असलेला संघ. हरणारा पळत बाहेर जातो. त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांत एका गोलने पुढे असलेला संघ प्रायोजकाच्या सर्वांत फायद्याचा. हे निरीक्षण माझं स्वतःचं आहे आणि ऑफिसातल्या कुणालाही त्याचं कौतुक नाही.

मी मुंबईत मीडिया एजन्सीत आहे. टिपलेल्या सेकंदांना त्या चॅनेलच्या दहा सेकंदांच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं, मग त्यातून बरीच कपात करायची (कारण बाही म्हणजे जाहिरात नव्हे), आणि खाली एक रक्कम लिहायची. ती रक्कम क्लबने मागितलेल्या पैशांपेक्षा जास्त भरली तर सौदा चांगला, असं क्लायंटला सांगायचं. सगळं गणित एका गोष्टीवर उभं असतं: सामना किती लोकांनी बघितला.

२०१९चा सप्टेंबर. कोल्हापूरचे एक उद्योजक आमचे क्लायंट होते. पीव्हीसी पाईप आणि पाण्याच्या टाक्या. त्यांना गोव्यात पाय आणखी घट्ट रोवायचे होते, आणि गोव्यातल्या एका फुटबॉल क्लबच्या जर्सीची बाही मोकळी आहे असा निरोप एका मध्यस्थाने आणला होता. मध्यस्थाचं प्रेझेंटेशन देखणं होतं. सूर्यास्त, ढोल, गर्दी, आणि मधोमध कोटींमधला एक आकडा. या धंद्यात असे आकडे २०१४पासून फिरत आहेत. इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमाला टीव्हीवर ४२.९ कोटी प्रेक्षक लाभले असं तेव्हा गाजलं होतं. तो आकडा खोटा नव्हता, फक्त तो 'रीच' होता. रिमोट दाबत जाताना मिनिटभर थबकलेला माणूसही रीचमध्ये धरला जातो. पूर्ण सामना बघणाराही एक, आणि मालिकेच्या ब्रेकमध्ये डोकावणारी आजीही एक. प्रत्येक मिनिटाला सरासरी किती जण बघत होते हा आकडा वेगळा, आणि तो नेहमीच पुष्कळ लहान असतो. मध्यस्थ तो कधीच दाखवत नाहीत. आमच्यातले अर्धे प्लॅनरही मागत नाहीत, कारण मागितला की प्लॅन मंजूर होत नाही.

क्लायंट महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट ऑफिसला आले. ऑगस्टातल्या महापुरात त्यांच्या गोदामात पाणी शिरलं होतं, शिरोलीला हायवे बंद होता तेव्हा त्यांचे ट्रक अलीकडे-पलीकडे अडकून पडले होते. तरीही आले होते. माणूस फुटबॉलवेडा. बोलायला सुरुवात केली तीच शाहू स्टेडियमवरच्या पाटाकडील-दिलबहार सामन्यांपासून, मग २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळलेल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवपर्यंत. आमचे बिझनेस हेड मान डोलावत होते. त्यांना पाटाकडील हे मंडळ आहे की आडनाव, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मी माझा तक्ता लावला. मागच्या मोसमाचे सामने, मिनिटवार सरासरी, बाजारपेठ: महाराष्ट्र/गोवा.

"मॅडम, ह्यातलं गोव्याचं सांगा," ते म्हणाले.

"साहेब, ही एकच बाजारपेठ धरतात. महाराष्ट्र आणि गोवा मिळून."

"मिळून?" त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे गडचिरोली ते काणकोण?"

हेड पटकन म्हणाले, "सर, कल्चरली एकच मार्केट आहे ना." हे वाक्य त्यांनी कोल्हापूरच्या माणसाला ऐकवलं, ज्याचं अर्धं आयुष्य पणजी-मडगावच्या डीलरांशी घासाघीस करण्यात गेलं होतं.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ही यंत्रणा ठाऊक नसते. टीव्हीचे आकडे बार्क नावाची संस्था काढते. तेव्हा देशभरात सुमारे ४०,००० घरांत तिची प्रेक्षक मोजणारी मीटरं होती, आणि ती घरं प्रतिनिधित्व करत होती टीव्ही असलेल्या १९.७ कोटी घरांचं. एक मीटर म्हणजे जवळपास पाच हजार घरं. ही घरं कुठली ते गुप्त असतं आणि असायलाच हवं, नाहीतर चॅनेलवाले तिथे पेढे घेऊन पोहोचतील. पण मोठ्या भागाकार-गुणाकाराला कोण अडवतं? २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख, देशाची १२१ कोटी. मीटरं सरळ लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली तर गोव्याच्या वाट्याला पन्नासच्या आसपास घरं येतील. त्यातली दोन घरं शनिवारी फेस्ताला गेली की राज्याचा आकडा कोसळणार. म्हणून लहान राज्यं मोठ्यांना जोडतात. संख्याशास्त्र म्हणून यात काही चूक नाही. ११.२४ कोटींच्या महाराष्ट्रात गोवा मिसळला की त्या बेरजेत गोवा शंभरातला सव्वा-दीड. साडेसातला सामना सुरू होतो तेव्हा त्या बेरजेतली बहुतेक घरं मराठी मालिका बघत असतात. म्हणजे उद्या अख्ख्या गोव्याने दारं लावून सामना बघितला तरी माझ्या तक्त्यात ते औषधालाही दिसणार नाही.

केरळला स्वतःचा रकाना आहे, पश्चिम बंगालला आहे. तिथे मल्याळम आणि बंगाली कॉमेंट्रीचे आकडे वेगळे काढता येतात, विकता येतात. ईशान्येची राज्यं मात्र आसाममध्ये मिसळलेली. २०१७ला आय-लीग, म्हणजे देशातली जुनी फुटबॉल लीग, जिंकली ती आयझॉलने, जेमतेम तीन लाख वस्तीच्या शहरातल्या संघाने, आणि मिझोरमचा स्वतंत्र आकडा नाही. जिथे फुटबॉल हाच पहिला खेळ आहे असे मुलुख नेमके आमच्या तक्त्यातून गायब.

हे मी क्लायंटना एवढ्या विस्ताराने नाही, पण सांगितलं. हेडनी टेबलाखालून मला मेसेज केला: रीच दाखव. मी दाखवला नाही.

क्लायंट गप्प राहिले, मग भलतंच बोलले. त्यांची मुलगी अमेरिकेत मिलवॉकीला असते. जावई ग्रीन बे पॅकर्स नावाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा भक्त, त्या संघाचा एक शेअर त्याने भिंतीवर फ्रेम करून लावलाय. डिव्हिडंड नाही, विकताही येत नाही. "गाव म्हणाल तर आमच्या कोल्हापूरपेक्षा लहान. एक लाख वस्ती. आणि संघ शंभर वर्षं टिकलाय. तो कसा काय टिकतो हो?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही एमबीए झालेल्या माणसाने विचारलेला नाही. सुदैवाने उत्तर ठाऊक होतं, कारण पॅकर्स हा लोकांच्या मालकीचा संघ असल्याने त्याचा ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो आणि आमच्या धंद्यातले लोक तो चवीने वाचतात. त्याच जुलैत आलेल्या हिशोबात त्यांना लीगच्या सामायिक उत्पन्नातून २७.४३ कोटी डॉलर मिळाले होते, त्यात मोठा वाटा टीव्हीचा. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये राष्ट्रीय टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटतात. १९६१पासून. पीट रोझेल तेव्हा कमिशनर होते, न्यूयॉर्कच्या मालकांनीही ते मान्य केलं, आणि अमेरिकी संसदेने त्यासाठी कायदा केला. ग्रीन बेमध्ये किती टीव्ही आहेत याच्याशी पॅकर्सच्या त्या कमाईचा काडीचा संबंध नाही. उलट लॉस एंजेलिससारख्या शहरात १९९५ ते २०१५ संघच नव्हता आणि लीगचं काही बिघडलं नाही.

"मग आपल्याकडं तसं न्हाई?"

आपल्याकडे प्रसारण करणारी स्टार हीच इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीत भागीदार होती. तिकडे चार-पाच नेटवर्क एकमेकांच्या उरावर बसून बोली लावतात, म्हणून वाटायला काही असतं. इथे बोलीच नाही, तर क्लबांना वर्षाचा खर्च भागवायला स्थानिक प्रायोजक हवेत, आणि स्थानिक प्रायोजकाला हवा स्थानिक आकडा. जो नाही. पंजाबच्या जेसीटीने २०११ला संघ बंद केला तेव्हा आय-लीग टीव्हीवर कुणी बघत नाही हेच कारण पुढे केलं होतं. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच्या आदल्या वर्षी बंद झाला. आणि मोठं शहर म्हणजे हमी असंही नाही: नुकताच, त्याच ऑगस्टमध्ये, एफसी पुणे सिटीचा कारभार आटोपला होता. पुण्याची वस्ती गोव्याच्या दुप्पट, शिवाय पुण्याचा आकडा वेगळा निघतो. त्यांच्या जागी हैदराबाद एफसी आला, २०२१-२२ला विजेताही झाला, आणि २०२५ला तिथूनही बिऱ्हाड उचलून दिल्लीला गेला. बाजारपेठेच्या आकारावर संघाचं आयुष्य सांगणाऱ्यांनी हा प्रवास समजावून द्यावा.

मग क्लायंटनी जे केलं ते मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकवीन. खिशातून फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि मडगावच्या वितरकाला लावला.

"काय ओ, फातोर्ड्याला मॅच असली की काय होतं?"

वितरक कोकणीमिश्रित मराठीत सुरू झाला. मॅचच्या संध्याकाळी टेम्पो त्या रस्त्याला घालता येत नाही. तावेर्नांमध्ये टीव्ही लागलेला असतो, एका टीव्हीसमोर पंधरा-वीस माणसं. पोरं फोनवर बघतात. हेडनी माझ्याकडे बघितलं, कारण मीटर घरातल्या टीव्हीला लागतं. तावेर्न आणि फोन दोन्ही माझ्या तक्त्याबाहेर. मी मनातून खूश होत होते. तेवढ्यात क्लायंटनी विचारलं, "आणि बाहीवर आपलं नाव घातलं तर?"

पलीकडे तो हसला. "दादा, पाईप कुठला घ्यायचा ते प्लंबर ठरवतो. प्लंबर मॅच बघतो, पण बाही कोण वाचतो? सांजावच्या सणाला सगळ्या प्लंबरांना जेवण घाला, त्यापेक्षा स्वस्तात पडेल."

सेकंद मोजण्यात गेलेल्या माझ्या रात्री त्या स्पीकरवर ऐकत बसल्या होत्या.

तरी क्लायंटनी 'नाही' म्हटलं नाही. निम्म्या पैशात मैदानाकडेचे बोर्ड, फक्त घरच्या सामन्यांना, असं मिळेल का विचारायला सांगितलं. पुरामुळे तेवढंच परवडत होतं. मध्यस्थाने तुकडे करायला नकार दिला. बाही घ्यायची तर सबंध मोसमाची, आणि दर त्याच कोटींच्या आकड्यावर लावलेला. सौदा फिस्कटला. हेडचं आजही म्हणणं आहे की मी रीच दाखवला असता तर सही झाली असती. बरोबर आहे त्यांचं. सही झाली असती.

मला छळतं ते वेगळंच. त्या मोसमात एफसी गोवा साखळीत अव्वल आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. गोव्यातल्या फुटबॉलची बाही त्या वर्षी नक्कीच स्वस्त होती, फक्त किती स्वस्त ते सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. वितरकाचं म्हणणं खरं मानलं तर ती कुठल्याही भावात महाग होती. या दोन्हींत कोण बरोबर, हे ठरवायला पन्नास घरांऐवजी पाचशे घरं लागतील, आणि त्या मीटरांचा खर्च कोण करणार? चॅनेल करणार नाहीत, कारण गोव्याच्या जाहिरातीचे स्वतंत्र पैसे येत नाहीत. ते येत नाहीत कारण आकडा नाही.

२०२०च्या नोव्हेंबरात कोविडमुळे सगळी लीगच गोव्यात आली. फातोर्डा, बांबोळी, वास्को. एकूण एक सामने तिथेच, रिकाम्या खुर्च्यांसमोर. क्लायंटचा फोन आला.

"मॅडम, आता तर सगळाच खेळ गोव्यात. आता तरी वेगळा आकडा काढत्यात का?"

मी म्हटलं, नाही, अजून महाराष्ट्रातच आहे. ते म्हणाले, बरं, मग प्लंबरांच्या जेवणाचं कोटेशन मागवा. मी म्हटलं, साहेब, लॉकडाऊनमध्ये जेवण कसं घालणार? "डबे पाठवू," म्हणाले, आणि पाठवलेही. त्याचं मूल्यांकन मात्र त्यांनी आमच्याकडून करून घेतलं नाही.