फॉर्म बी आणि गच्चीवरचं २५ हजार लिटर पाणी

आमची बिल्डिंग जुळे सोलापुरात, पार्किंग आणि वर सात मजले. इमारत १५ मीटरच्या वर गेली की अग्निशमनवाल्यांच्या हिशेबात ती उंच इमारत. मग गच्चीवर पंप, जिन्यातून खाली येणारा लाल पाईप, मजल्या-मजल्यावर होज बॉक्स, म्हणजे पाणी मारायच्या नळीची पेटी, हे सगळं आलंच. बिल्डरनं ते करून दिलं होतं. त्या वेळचा फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा बसवल्याचं प्रमाणपत्र, फाइलमध्ये आहे, महापालिकेची ना-हरकतही आहे. पुढच्या वर्षांचा मात्र एक कागद सापडेल तर शपथ.

बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा समज, म्हणून सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याची आग सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. आठ जीव गेले, त्यात तान्हं मूलही होतं. त्यानंतर आमच्या ग्रुपवर 'आपल्याकडं काय सोय आहे?' असं दोन-चार जणांनी विचारलं आणि मग पुन्हा सुप्रभातचे फोटो सुरू झाले. मी फाइल काढून बसले.

कायदा तसा सरळ आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. यंत्रणा बसवून घेणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे ताबा मिळाल्यावर आपली. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, अग्निशामक दलाला द्यायचा. मी डोक्यात असं बसवलंय: एकदा जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेला, एकदा आषाढीच्या आगेमागे. परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा लागतो. कोपऱ्यावरचा आग विझवायचे सिलेंडर भरून देणारा चालत नाही.

एजन्सीला फोन लावायला लागले तर पहिल्याच गृहस्थांनी सांगितलं, "मॅडम, यायची काय गरज? सिलेंडरचे फोटो टाका व्हॉट्सअ‍ॅपवर, संध्याकाळपर्यंत पीडीएफ येतंय." दर सगळ्यांत कमी. कमिटीतले एक काका लगेच खूश, "बाकीच्या सोसायट्या असंच करतेत की!" करत असतील. पण ज्या पंपाला त्या माणसानं हातही लावला नाही, तो चालतो असं तो लिहून देणार आणि आग लागल्यावर दारात उभे आम्ही राहणार. काकांना म्हटलं, तुमच्या नावानं घेऊ का मग? काका गप्प.

दुसऱ्या एजन्सीचा मुलगा आला तो अक्कलकोटकडचा, पहिल्या मिनिटापासून मला मावशी म्हणणारा. मला वाटलं सिलेंडर मोजायला लागेल. त्यानं विचारलं, "मावशी, गच्चीची चावी कुणाकडं?" चावी शोधण्यात बराच वेळ गेला. तो म्हणाला, हेच लिहून घेतो आधी.

गच्चीवर टाकीचं झाकण उघडलं आणि खरी गोष्ट तिथं निघाली. आमच्या मंजूर नकाशात आगीसाठी २५ हजार लिटर पाणी आहे. टाकीचे दोन भाग, मध्ये भिंत. खालून चढवलेलं पाणी आधी आगीच्या भागात पडतं, तो काठोकाठ भरला की भिंतीवरून घरगुती भागात उतरतं. आपल्या नळाला पाणी फक्त त्या दुसऱ्या भागातून. म्हणजे आगीचं पाणी शिळं होत नाही, कारण रोज त्याच्यावरूनच नवं पाणी जातं. आणि घरगुती भाग कोरडा पडला तरी आगीचा साठा तसाच राहतो. ज्या कुणी ही रचना काढली त्याला माझा नमस्कार.

आमच्याकडे आगीच्या भागात गुडघाभर पाणी आणि खाली गाळ. भिंतीच्या तळाशी कुणीतरी पाईप काढून घरगुती लाईनला जोडलेला, मध्ये एक व्हॉल्व्ह. कधीच्या तरी उन्हाळ्यात तो उघडला असणार आणि बंद करायचं कुणाच्या मनात आलं नसणार. कुणी जोडला ते आजतागायत कळलेलं नाही. मला त्या अज्ञात प्लंबरचा रागही फारसा येत नाही. पाच-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात डोक्यावर २५ हजार लिटर पाणी नुसतं ठेवायचं, हे पटवणं सोपं नाही.

मीटिंगमध्ये तेच झालं. "आग कधी लागणार माहीत नाही, पाणी तर आजच नाही ओ मालक," असं एकानं चेअरमनना सुनावलं. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही काय जिना उतरून बाहेर पळू, आमच्याकडून वर्गणी कशाला? मी आकडा मांडला: पंप मिनिटाला ९०० लिटर फेकतो, म्हणजे भरलेली टाकीसुद्धा अर्धा तास पुरत नाही, आणि आपली तर रिकामी आहे. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या अक्कांनी तोडगा काढला. एकदाच टँकर मागवून आगीचा भाग भरून टाकायचा. त्यानंतर ते पाणी कुणाचंच जात नाही, कारण रोजचं पाणी तिथून पुढं आपल्याकडेच येतंय. "बँकेतल्या ठेवीला हात लावत नाही, व्याज खातो, तसं," असं त्यांनी मला बघून म्हटलं आणि मंजुरी मिळाली. गाळ उपसला, तळचा पाईप कापून तोंड बंद करून घेतलं.

बाकीची यादी लांबलचक होती, सगळी सांगत नाही. पावडरच्या लाल सिलेंडरचे काटे हिरव्यात होते म्हणून आम्ही निश्चिंत, पण त्या सिलेंडरच्या दाबचाचणीची मुदत उलटून गेलेली. काटा फक्त आतला दाब सांगतो, पत्र्याची ताकद नाही. मीटर रूममधल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरला तर काटाच नसतो, तो वजन करून बघतात. त्याच मीटर रूममध्ये कुणाची तरी जुनी सायकल आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल. ते मी त्याच दिवशी बाहेर काढायला लावलं, भांडण झालं तरी. होज बॉक्समधले पितळी नोझल बहुतेक ठिकाणी गायब होते. पितळेला भंगारात भाव आहे, दुसरं कारण शोधायची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र मला एरवी कळल्याच नसत्या. एक, पंपाच्या पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'ऑफ'वर होता. कधीतरी आवाजाची तक्रार आली म्हणून वॉचमननं बंद केलेला. दोन, पंपाची वीज जिन्यातल्या दिव्यांच्या लाईनवर घेतलेली. आग लागली की माणूस पहिल्यांदा मेन स्विच पाडतो, बंबवालेही तेच करतात, आणि त्याच क्षणी आमचा पंप बंद. त्याला मेनच्या आधीपासून स्वतंत्र लाईन लागते. ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं आणि त्या स्विचवर लाल अक्षरात 'फायर पंप, बंद करू नये' असं लिहून टाकलं.

इथं एक खटकतं ते सांगते. तपासणारी एजन्सी तीच, माल विकणारी तीच, प्रमाणपत्र देणारीही तीच. आमच्याकडे आलेला एजन्सीचा मुलगा प्रामाणिक निघाला. तरी मी प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर लिहून मागितला आणि 'बाद' म्हटलेली वस्तू समोर दाखवायला लावली. कुजलेला होज हातानं फाटला तेव्हा काकाही काही बोलले नाहीत.

पाण्याची चाचणी नळाच्या दिवशी ठेवली, नाहीतर बायकांनी मला गच्चीवरून ढकललं असतं. चाचणी सगळ्यांत वरच्या मजल्यावर घेतात. टाकी डोक्यावरच असल्यामुळे पाण्याला उतार मिळत नाही आणि दाब तिथंच सगळ्यांत कमी असतो. खालच्या मजल्यांना उंचीमुळे आपोआप जोर येतो. दाबाचा काटा साडेतीन किलोच्या वर गेला आणि धार समोरच्या कडुलिंबावर पडली. पोरांचा आरडाओरडा, पार्किंगमधल्या दोन गाड्या फुकटात धुतल्या. मग एजन्सीच्या मुलानं वॉचमनला, आम्हा बायकांना आणि कॉलेजच्या पोरांना सिलेंडर चालवायला लावला: पिन काढा, तोंड ज्वाळेकडे नाही, आगीच्या बुडाकडे, आणि दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवत राहा. सहा किलोचा सिलेंडर जेमतेम १५-२० सेकंद चालतो. हातात धरेपर्यंत कुणाला ते खरं वाटत नव्हतं.

फॉर्म बीवर परवाना क्रमांक आणि त्याची मुदत तपासून घेतली. एक प्रत अग्निशामक दलाच्या ऑफिसात देऊन दुसरीवर आवक शिक्का घेतला. या टप्प्यावर काही विशेष घडलं नाही, रांगही नव्हती. नवीन नोझल आता अ‍ॅल्युमिनियमचे घेतलेत. होज बॉक्सची चावी त्याच्याच शेजारी काचेच्या डबीत आहे. दुसऱ्या मजल्यावरचे शू-रॅक अजून जिन्यातच आहेत, त्यांना दोन पत्रं दिलीत. जानेवारीची तपासणी त्याच मुलाला सांगितली आहे, फक्त नळाचा दिवस कळला की तारीख कळवते म्हटलंय.