नऊ-नऊ मिनिटांचा उपास

आमच्याकडे योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या मोठ्या उपासाच्या दिवसाला, जुनी माणसं अजून ‘दारफळणीचा सण’ म्हणतात. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि एका संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे साधारण 25 तास, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू, ठाण्याची. बाराव्या वर्षापासून हा उपास एकदाही सोडला नव्हता. सहा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, पुढे इन्सुलिन सुरू झालं, तरी सोडला नाही. डॉक्टरांना सांगायचंच नाही, ही माझी युक्ती.

2024 मध्ये ती युक्ती अंगाशी आली. दुपारच्या नमाजात (आमच्या प्रार्थनेलाही आम्ही नमाजच म्हणतो) हात थरथरायला लागले, घाम फुटला, समोरची अक्षरं पोहायला लागली. शेजारच्या मावशीनं ओळखलं आणि तोंडात साखर कोंबली. घरी आणून बोटाला सुई टोचली तेव्हा साखर 54, आणि तीही साखर खाल्ल्यावरची. नवरा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं जास्त लागलं.

म्हणून 2025 च्या किप्पूरआधी महिनाभर डॉक्टरांकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, “पाणीसुद्धा नाही?” मग म्हणाले, “रमजानमध्ये मुंब्र्याहून माझे कितीतरी पेशंट येतात. त्यांचा उपास निदान संध्याकाळी सुटतो. तुमचा सलग 25 तासांचा. तुम्हाला पूर्ण उपास नाही म्हणजे नाही.” साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर, तर तिथल्या तिथे उपास संपला, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. इन्सुलिनचा आदल्या संध्याकाळचा डोसही बदलला. तो आकडा इथे लिहीत नाही. प्रत्येकाचा वेगळा असतो, माझा बघून कुणी घेऊ नये.

तो कागद घेऊन मी इस्राएलला, अश्दोदला, दादाला फोन लावला. त्याच्या ओळखीचे एक रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, आहेत. ते हिब्रूत बोलायचे, दादा मराठीत सांगायचा. माझा प्रश्न साधा होता: मी उपास करू शकते ना? रब्बींनी उलट विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?” कागद वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, मग हा प्रश्न संपला, आता कसं खायचं तेवढं बोलू. मी हट्टानं म्हटलं, मला झेपतं, माझं शरीर मला कळतं. त्यावर त्यांनी तालमुदातली, आमच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथातली, चर्चा सांगितली. आजारी माणूस म्हणाला खायला हवं आणि वैद्य म्हणाला नको, तर आजाऱ्याचं ऐकायचं, कारण आपल्या जिवाचं दुखणं आपल्यालाच ठाऊक. पण वैद्य म्हणाला खायला हवं आणि आजारी म्हणाला नको, तर वैद्याचं ऐकायचं. दोन्ही बाजूंनी खाण्याकडेच पारडं झुकतं! मी दुसऱ्या अर्ध्यात हरले. आज्ञा दिल्या त्या जगण्यासाठी, मरण्यासाठी नव्हे, हेही त्यांनी ऐकवलं. ते लहानपणापासून माहीत होतं. माझ्यासाठीही आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग मापांची गोष्ट. मिश्नेत, म्हणजे तालमुदाच्या मूळ भागात, खाण्याचं माप मोठ्या खजुराएवढं, आतल्या बीसकट, आणि पिण्याचं माप गालभर. तेवढं एका वेळी घेतलं की उपास मोडला धरतात. त्याहून कमी घ्यायचं, मध्ये नऊ मिनिटं थांबायचं, मग पुन्हा. खाणं आणि पिणं एकमेकांत मिळवत नाहीत, म्हणून दोन्ही एकाच वेळी घेता येतं. खजुराचं माप आजच्या हिशोबात सुमारे 30 मिली धरतात. वजन नव्हे, आकारमान. गालाचं माप मात्र ज्याचं त्याचं. मी मोरीत उभी राहून एका गालात पाणी भरलं आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणात थुंकून मोजलं. तीनदा. नवरा दारात उभा राहून हसत होता. 45 मिली निघालं, म्हणून प्रत्येक वेळी 40 च्या आत ठरवलं.

घावनाचे तुकडे, उकडलेला बटाटा आणि खजूर (तोही असावाच म्हटलं) असे लहान डब्यांत मापून भरले. आमची मशीद (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) टेंभी नाक्याजवळ, 1879 ची. सणाच्या दिवशी बाहेर काही नेता येत नाही, म्हणून डबे, पाणी आणि साखर मोजायचं यंत्र आदल्या दिवशीच तिथल्या बाजूच्या खोलीत नेऊन ठेवलं. किप्पूरला विजेची यंत्रं चालवत नाहीत, म्हणून त्या दिवशी हे यंत्र वापरायचं की नाही, हेही रब्बींना विचारलं होतं. माझ्या बाबतीत जिवाला धोका आहे, म्हणून वापरायचं, म्हणाले.

2 ऑक्टोबर. गांधी जयंती, दसरा आणि किप्पूर एकाच दिवशी. त्यामुळे शाळेच्या ऑफिसात रजाही टाकावी लागली नाही. दसरा आश्विनातल्या चंद्राची दशमी, किप्पूर तिश्री या ज्यू महिन्यातल्या चंद्राची. मराठी पंचांगासारखाच ज्यू पंचांगातही मध्येच एक महिना वाढतो, फक्त दोघांचे वाढीव महिने एकाच वर्षी येतात असं नाही. 2023 मध्ये म्हणूनच किप्पूर सप्टेंबरात आणि दसरा जवळजवळ महिन्यानं झाला.

सकाळी यंत्रानं 132 दाखवलं. अकराला 96, आणि उतरतंय. खोलीत जाऊन बसले. बाहेर ढोलताशे, आत हझानांचा, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्यांचा, आवाज, भिंतीवर घड्याळ. पहिला तुकडा तोंडात टाकताना घशाखाली जाईना. उपाशी राहणं मला कधी एवढं कठीण गेलं नव्हतं. चोरून खातेय असंच वाटत होतं. दोन बायका डोकावून गेल्या, एकीनं विचारलं, “पित्त झालं का गं?” मी म्हटलं, “नाही, डॉक्टरांनी आणि रब्बींनी सांगितलंय.” तिनं खुर्ची ओढली आणि घड्याळाकडे बघून मिनिटं मोजायला लागली. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, हे मला तेव्हा कळलं.

अकरा फेऱ्या झाल्या. साखर 88 च्या खाली गेली नाही. उपास संपल्याचा शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, वाजला तेव्हा मी सगळ्यांबरोबर उभी होते.

दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, डॉक्टरांना आकडे कळवले. त्यांनी पुढची तारीख विचारली. 2026 ला किप्पूर 21 सप्टेंबरला, सोमवारी. दसरा तेव्हा 20 ऑक्टोबरला आहे, म्हणजे रजा टाकावी लागणार.