बिनतारी सायकल मीटर: सेन्सर नेमका कुठे बसवावा?

जळगाव-धुळ्याकडे लांब पल्ल्याची सायकल नव्याने चालवू लागलेली मंडळी वेग आणि अंतर दाखवणाऱ्या बिनतारी मीटरबद्दल साधारण एकाच प्रकारची तक्रार करतात: मीटर चालता चालता शून्यावर येते, किंवा चढावर धापा टाकत असताना एकाएकी ताशी ६० किलोमीटरचा वेग दाखवते. अशा वेळी मीटर बदलून आणण्याची घाई करू नये, कारण बहुतेकदा मीटर निर्दोष असते आणि सेन्सरची जागा चुकलेली असते.

चुंबकाच्या मीटरमध्ये पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर छोटा चुंबक आणि चिमट्यावर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कवर, सेन्सर असतो. सेन्सरच्या आत काचेच्या बारीक नळीत धातूच्या दोन पात्या असतात. चुंबक समोरून गेला की त्या क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि चाकाचा एक फेरा मोजला जातो. येथे दोन अंतरे सांभाळावी लागतात. चुंबक आणि सेन्सर यांच्यातली फट साधारण ५ मिलिमीटरच्या आत हवी, आणि स्वस्त ॲनालॉग (ओळखक्रमांकाशिवाय साधा संदेश पकडणारे) मीटर असेल तर सेन्सर हँडलवरच्या मीटरपासून ६०-७० सेंटिमीटरपेक्षा दूर नको. अडचण अशी की ही दोन अंतरे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. स्पोक हबकडे (चाकाच्या मधल्या तुंब्याकडे) फाकत जात असल्यामुळे चिमट्याच्या खालच्या भागात चुंबक सेन्सरच्या सहज जवळ येतो, पण तेथून मीटर लांब पडते. वर रिमकडे सरकावे तर मीटर जवळ येते, पण फट रुंदावते. माझ्या मते सेन्सर वरच्या बाजूलाच ठेवावा आणि त्याच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून घालून मग नायलॉनची पट्टी आवळावी. फट भरते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर सेन्सर घसरून फिरतही नाही. चिमट्याला सस्पेन्शन असेल तर मात्र सेन्सर खालच्या, चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या नळीवरच हवा. अन्यथा प्रत्येक दणक्याला चुंबक त्याच्या समोरून निसटेल.

आपल्याकडे बाभळीच्या काट्यांची कमतरता नाही, त्यामुळे एक गोष्ट वारंवार घडते. पंक्चर काढून पुढचे चाक घाईने बसवताना ते उलटे बसते, चुंबक दुसऱ्या बाजूला जातो आणि मीटर मुके होते. रिम ब्रेकच्या सायकलीत चाक दोन्ही बाजूंनी बसत असल्याने हे लक्षातही येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी चाक उचलून हाताने फिरवावे आणि मीटरवर आकडा हलतो की नाही ते पाहावे.

ॲनालॉग मीटरचा दुसरा दोष म्हणजे त्याला आपला आणि परका संदेश ओळखता येत नाही. शेजारून चालणाऱ्या मित्राचे मीटर त्याच जातीचे असेल तर त्याचा वेग आपल्या पडद्यावर उमटू शकतो. काही स्वस्त एलईडी दिव्यांमुळे, उच्चदाब वाहिन्यांखाली किंवा विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गाजवळही आकडे भरकटतात. भुसावळहून दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला जाताना मीटर वेड्यासारखे वागू लागले तर सेन्सर उसकटत बसण्याआधी डोक्यावरच्या तारा पाहाव्यात.

एएनटी प्लस (क्रीडा उपकरणांसाठीची बिनतारी संदेशाची पद्धत) आणि ब्लूटूथवर चालणाऱ्या सेन्सरांनी यातल्या बहुतेक कटकटी संपवल्या आहेत. त्यांचा संदेश २.४ गिगाहर्ट्झवर, स्वतःच्या ओळखक्रमांकासह जातो, त्यामुळे मागच्या चाकावरचा सेन्सरही हँडलपर्यंत नीट पोहोचतो. शिवाय हबवर रबरी पट्ट्याने बांधायच्या सेन्सरला चुंबक लागत नाही, म्हणजे फट मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा लगदा चाकात अडकून स्पोकवरचा चुंबक सरकतो, हे पाहता या भागासाठी मी हबचाच सेन्सर सुचवेन, जरी तो महाग पडत असला तरी. एक खबरदारी मात्र घ्यावी: ब्लूटूथवर पुष्कळसे सेन्सर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात, त्यामुळे मोबाइलमधल्या ॲपने तो आधीच पकडून ठेवला असेल तर मीटरला तो सापडणार नाही. एएनटी प्लसवर ही अडचण येत नाही.

जीपीएस असताना सेन्सर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सपाटीवर, म्हणजे जळगाव ते चोपड्यासारख्या रस्त्यावर, फरक जाणवत नाही. तोरणमाळच्या घाटात मात्र जाणवतो. जीपीएस ठरावीक अंतराने बिंदू टिपून ते सरळ रेषेने जोडते, त्यामुळे नागमोडी वळणांवर अंतर थोडे कमी भरते, आणि चढावरच्या मंद वेगात आकडा मागे-पुढे डुलत राहतो. चाकावरचा सेन्सर प्रत्येक फेरा मोजतो. घाटात त्याहून उपयोगी असतो तो पायडलचे फेरे मोजणारा कॅडन्स सेन्सर. तो डाव्या क्रँकच्या (पायडल ज्या दांड्याला असते त्याच्या) आतल्या बाजूला बांधावा, आणि क्रँक व फ्रेम यांच्यात तो घासत नाही ना, हे पायडल सावकाश उलटे फिरवून पाहावे.

सेन्सर कुठेही असला तरी चाकाचा घेर चुकीचा भरला तर अंतर चुकणारच. ७०० बाय २५ च्या (म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीच्या) टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर धरतात आणि ७०० बाय २८ चा २१३६. फरक किरकोळ वाटतो, पण १०० किलोमीटरमागे तो जवळपास दीड किलोमीटर होतो. तक्त्यातल्या आकड्यापेक्षा स्वतः मोजलेला आकडा चांगला: टायरमध्ये नेहमीची हवा भरावी, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूची खूण करावी, सायकलवर बसून सरळ रेषेत एक फेरा पुढे जावे आणि दुसरी खूण करून टेपने अंतर घ्यावे.

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे सरकला की अनेक जण मागचे चाक रोलरवर टेकवून घरातच सराव करतात. तेव्हा पुढचे चाक स्थिर असल्याने चिमट्यावरचा सेन्सर निरुपयोगी ठरतो. हबचा सेन्सर मागच्या चाकावर हलवावा, आणि दोन्ही टायर वेगवेगळ्या मापाचे असतील तर मीटरमधला घेराचा आकडाही त्याच वेळी बदलून घ्यावा.