ओकिना सापडला, पण वही बाद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की हुलाचं (हवाईच्या पारंपरिक नाचाचं) गाणं पाठ झालं, आता फक्त पावलं बसवायची. ते मागे घेते.

शनिवारी हालाउमध्ये (हुलाच्या शाळेत) केइकिंच्या, म्हणजे मुलांच्या, रांगेपुढे मी ते गाणं म्हणत होते. लेक रांगेत, आई भिंतीशी चटईवर. तिसऱ्या ओळीला कोपऱ्यातल्या टूटूंनी (हवाईयन आजींनी) हात वर केला. नाचाच्या घागऱ्याला जो शब्द आहे, तो माझ्या तोंडून ‘संपलं’ असा ऐकू येत होता. मग लेकीला म्हणायला लावलं, तर तिचंही तेच. चूक देवनागरीत लिहिलेल्या माझ्या वहीतून तिच्याकडे गेली होती.

जुन्या वाचकांना माहीत आहे, पण घोळ कळावा म्हणून परत लिहिते (टिंब म्हणजे ओकिना, गळा क्षणभर बंद करून म्हणायचं हवाईयन अक्षर). पउ म्हणजे संपलं. प·उ म्हणजे काजळी. पा·ऊ म्हणजे आपला घागरा. ओकिना हे अक्षरच आहे, हवाईयन भाषेच्या आठ व्यंजनांतलं एक. ते गाळणं म्हणजे ‘काका’मधला क गाळण्यासारखं आहे.

मराठी जिभेला बाकी सगळं सोपं जातं. क आणि प आपण मुळातच हवा न सोडता म्हणतो, आणि हवाईयन ‘व’ आपल्या व ला इतका जवळचा आहे की कुमुंनी (आमच्या हुलाच्या गुरूंनी) पहिल्याच दिवशी मान डोलावली होती. ऱ्हस्व ए-ओ लिहायला आपल्याकडे खूण नाही, तेवढी एक अडचण. पण दोन स्वर शेजारी आले की आपण नकळत मध्ये व किंवा य सरकवतो. ‘पाऊस’ सावकाश म्हणून बघा. नेमकं तिथेच ओकिना बुडतो.

त्यात मी वहीत ओकिनासाठी अवग्रह वापरला होता. लिहिताना फार सोयीचा वाटला. सहा महिन्यांनी तोच ऽ डोळ्यांनी ‘नाऽही’सारखा वाचला. जिथे गळा बंद करायचा तिथे मी स्वर ताणत होते, आणि काहिकोत (जुन्या पद्धतीच्या हुलात) स्वर ताणला की पाऊलही उशिरा पडतं. लेकीचं उएहे (टाचा उचलून गुडघे पुढे काढायची चाल) मागे का पडतंय म्हणून मी तीन आठवडे तिच्या गुडघ्यांच्या मागे लागले होते! गुडघे ठीक होते.

रविवारी इपु हेके (हुलाचं भोपळ्याचं तालवाद्य) पुसून ठेवला होता. लेक चिवड्याचे हात घेऊन आली, तशी आई ओरडली, “अं-अं! हात नको लावूस.”

मी तिथेच थांबले. त्या दोन अं च्या मध्ये गळा क्षणभर मिटतो, तो ओकिना. इंग्रजीतलं ‘अ-ओ’चं उदाहरण मला वर्षभर देत होते, ते कधी अंगात शिरलं नाही. हे तान्ह्या वयापासून कानात आहे. लेकीला म्हटलं, “आजी रागावते तसं म्हण.” पा·ऊ. पहिल्या झटक्यात. आम्ही तिघी स्वयंपाकघरात दहा वेळा तेच म्हणत होतो.

आईचं आणखी एक. इपु गादीवर आपटला की ‘ऊ’, बोटांची थाप ‘टे’, हे तिने तबल्याच्या बोलांसारखं ऐकूनच उचललं, वही न बघता. (इपु घेणाऱ्यांनो, जाड सालीचाच भोपळा घ्या, वाजवून बघून. मी ऑनलाइन मागवलेला पहिला पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा.)

म्हणून वही बाद. आता लाल शाईचं टिंब वापरायचं, असं ठरवलं होतं. शिवाय माझ्या आवाजात गाणं रेकॉर्ड करून नव्या तीन कुटुंबांना पाठवणार होते. पण हे लिहिताना वाटतंय, माझा आवाज कशाला? टूटूंचा हवा. त्यांच्या आईला शाळेत हवाईयन बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. 1896च्या कायद्याने शाळांतून ही भाषा गेली, आणि राज्याची अधिकृत भाषा व्हायला 1978 उजाडलं. इतकं सोसून टूटूंच्या घरात जो ओकिना टिकला, तो मुलांच्या कानावर थेट पडला पाहिजे. आणि गाणं कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवणं कुमुंचं काम. त्यांनी हो म्हटलं तरच रेकॉर्डिंग. नाही म्हटलं तर शनिवारी अर्धा तास लवकर जाऊन सगळ्यांनी टूटूंसमोर बसायचं. खरं तर तेच आधी करून बघते.

आई पुढच्या महिन्यात साताऱ्याला परतते. तोवर दुसरं कडवं.