समाजमंदिराचा आराखडा आणि पूररेषेत अडकलेले चार महिने

नदीकाठच्या गावात समाजमंदिर बांधायचं असेल तर रेखाटायला बसण्याआधी एक आकडा हातात घ्या: आपल्या जागेपाशी लाल पूररेषेची, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर आहे. या एका आकड्यासाठी आमची फाईल चार महिने फिरली आणि तो राग अजून गेलेला नाही.

जागा पंचगंगेच्या काठापासून जरा आत, गावठाणाला लागून. सात-बारा, ग्रामपंचायतीचा ठराव, मोजणीची क प्रत यांत काही अडलं नाही.

कोल्हापुरात पूर म्हटलं की सगळे राजाराम बंधाऱ्याचे फूट बोलतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर. पण हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या पट्टीचे. नदीला उतार असतो, त्यामुळं वरच्या गावात आणि खालच्या गावात तेच पाणी वेगवेगळ्या पातळीला उभं राहतं. पट्टीवरून आपल्या जोत्याची उंची काढता येत नाही.

आम्हाला पाटबंधारे खात्याकडून मिळाला तो नुसता नकाशा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि आमची जागा दोन्हींच्या मध्ये. निळ्या रेषेच्या आत नवी इमारत चालतच नाही. मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर लागतं. पातळीच लिहिलेली नाही तर 0.45 मिळवायचे कशात? दोन अर्ज केले, दोन्ही वेळा उत्तर एकच: "नकाशा दिलाय की तुम्हाला." तिसऱ्या अर्जात आम्ही नदीच्या आडव्या छेदाचा साखळी क्रमांक (नदीच्या लांबीवर आपल्या जागेसमोरचा छेद कुठं येतो तो आकडा) घातला आणि 'या छेदावरील लाल रेषेची पातळी मीटरमध्ये द्यावी' एवढं एकच वाक्य लिहिलं. आठ दिवसांत आकडा आला. पहिल्याच अर्जात असंच मागा.

आकडा आला तरी जुळेना. सर्वेअरनं रस्त्याकडेच्या मोरीचा कठडा 100.000 मीटर उंचीला आहे असं मानून लेव्हल घेतल्या होत्या, समुद्रसपाटीपासून नाही. खासगी कामात तसं करतात, इथं ते चालत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली खूण) लेव्हल ओढत आणावी लागते आणि परत तिथंच नेऊन मिटवावी, म्हणजे सुरुवातीचाच आकडा येतो का ते पाहावं लागतं. मिटली नाही तर पुन्हा सगळं घ्या. काम देतानाच हे कागदावर लिहून द्या.

आणखी एक, हे खरं तर सगळ्यांत आधी करायचं. शाळेच्या भिंतीवर 2021 च्या पुराची गाळाची रेघ अजून दिसते. तिच्यावर लेव्हल लावली आणि फोटो काढून ठेवला. कागदावरच्या पातळीत आणि त्या रेघेत वीतभर फरक निघाला, तेव्हा कुठं आकड्यावर विश्वास बसला.

जमीन लाल रेषेच्या 1.20 मीटर खाली निघाली, म्हणजे जोतं 1.65 मीटर. भराव टाकून एवढी उंची गाठायचा आग्रह गावातूनच झाला. आम्ही नाही म्हटलं. भरावानं पुराचं पाणी अडतं आणि शेजारच्या उसात शिरतं. इमारत खांबांवर घेतली, खालून पाणी जायला मोकळं ठेवलं. खालची फरशी दगडी, नदीकडं 1:60 उतार, म्हणजे गाळ पाइप लावून धुता येतो. काळी माती फुगते आणि आकसते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत, इथं 2.4 मीटर.

पण एवढ्या उंचीवर इमारत जमिनीपासून तुटते. म्हणून नदीच्या बाजूला घाटासारख्या चार रुंद बैठका केल्या, प्रत्येकी 41 सेंटिमीटर उंच, 75 रुंद. मधून 15 सेंटिमीटरच्या अकरा पायऱ्या. माणसं या बैठकांवरच टेकतील, हॉल रिकामा असला तरी. रॅम्प 1:12 नं 19.8 मीटर होतो. तो 6.6 मीटरच्या तीन टप्प्यांत वळवला, मध्ये दीड मीटरचे सपाट थांबे.

जोतिबाचा डोंगर वायव्येला दिसतो आणि पावसाचा मारा पश्चिमेकडूनच. त्या बाजूला तीन मीटर खोल सोपा (ओसरी) आणि 1.2 मीटर पुढं आलेलं छप्पर हवंच, नाहीतर जुलैत दारं उघडताच येत नाहीत. विजेचा मीटर आणि बोर्ड जोत्याच्या वर. सेप्टिक टँकच्या पाइपाला एकमार्गी झडप, नाहीतर पुरात मैला उलटा येतो.

आवारातल्या नांदुरकीच्या झाडाच्या पाराला हात लावला नाही. फांद्यांच्या घेराच्या आत खोदाई नाही, बुंध्याशी मातीही टाकायची नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाली की झाड दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं. रॅम्पचा तिसरा टप्पा पाराला वळसा घालून उतरतो.