हजेरीपट समोर ठेवून प्रार्थना करणारे गुरुजी

क्रिस्टोफर डॉक यांच्याविषयी मी प्रथम वाचले, तेव्हा त्यांची एक सवय मनात घर करून राहिली. शाळा सुटून मुले घरी गेली की ते विद्यार्थ्यांच्या नावांची यादी समोर ठेवून गुडघे टेकत आणि दिवसभरात कोणावर आपल्याकडून अन्याय झाला असेल, कोणाकडे दुर्लक्ष झाले असेल, तर त्याबद्दल देवाकडे क्षमा मागत. मीही शिक्षिका आहे; हजेरी रोज घेते, पण त्या नावांकडे अशा दृष्टीने मी कधी पाहिले नव्हते.

डॉक हे जर्मनीतून अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात आलेले, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे होते. हा पंथ बाप्तिस्मा समजत्या वयात घ्यावा असे मानतो, शस्त्र उचलत नाही आणि शपथही घेत नाही. सुमारे १७१८ पासून दहा वर्षे स्किपॅक येथे शिकवल्यावर डॉक शेतीकडे वळले, आणि शाळा सोडल्याची टोचणी त्यांना पुढे सतत लागून राहिली. दोन मुलींच्या बापाने शेती करण्यात मला कसलाही दोष दिसत नाही. त्यांना मात्र तो दिसत होता. १७३८ मध्ये ते परतले आणि स्किपॅक व सॅल्फर्ड या दोन शाळांत आठवड्याचे तीन-तीन दिवस शिकवू लागले. एका शाळेतील मुलांनी दुसऱ्या शाळेतील मुलांना लिहिलेली पत्रे ते स्वतः पोहोचवत.

नवे मूल आले की आधी इतर मुले त्याच्याशी हस्तांदोलन करत आणि मग त्याला सांभाळून शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यापैकीच कोणीतरी घेई. मुळाक्षरे पाठ झाली की वडिलांनी त्या मुलाला एक पेनी द्यावी आणि आईने दोन अंडी तळून द्यावीत, असा गुरुजींचा नियम होता. या एका नियमाने त्यांनी अख्खे घर शाळेला जोडून घेतले, असे मला वाटते. चांगल्या कामासाठी ते स्वतः काढलेले फुलाचे किंवा पक्ष्याचे चित्र देत. छडी त्यांनी पूर्णपणे टाकली नव्हती, पण छडीने स्वभाव बदलत नाही हे ते जाणून होते, म्हणून चुकीचे कारण आधी शोधत. स्वतः इतके श्रद्धाळू असूनही, मुले वेगवेगळ्या पंथांच्या घरांतून येत असल्यामुळे, त्यांनी कोणत्याही एका पंथाची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी वर्गात लादली नाही; बायबलच्या नव्या करारातील वचने मात्र सर्वांकडून शोधून वाचून घेतली.

ही पद्धत लिहून काढण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्यात आत्मस्तुती होईल या भीतीने ते कचरले. अखेर १७५० मध्ये त्यांनी ती लिहिली, तीही आपल्या हयातीत छापू नये या अटीवर, पण ते पुस्तक प्रत्यक्षात त्यांच्या हयातीतच, १७७० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, शरद ऋतूतील एका संध्याकाळी गुरुजी घरी परतले नाहीत, म्हणून लोक शोधायला निघाले. ते शाळेतच गुडघे टेकलेल्या स्थितीत सापडले; प्राण निघून गेले होते.